वाटून घेतलेल्या गोळ्या

लातुरात उत्क्रांतीचा धडा घाईत उरकतात. इथं पोरं डॉक्टर व्हायला येतात. नांदेड, परभणी, बीडकडचे आईबाप त्यांना खोली करून देतात, डबा लावून देतात, आणि कुठल्या धड्यावर परीक्षेत किती प्रश्न येतात हे पोरांना माझ्याआधी पाठ असतं. उत्क्रांतीवर फारसे येत नाहीत. त्यामुळे मी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं की मागच्या बाकांवर रसायनशास्त्राची पुस्तकं उघडतात. मला राग येतो. मी रागीट बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला नवल वाटायला नको.

दरवर्षी मी या धड्यात एक प्रश्न विचारते. एखादं औषध पहिल्यांदा गुण देतं आणि काही वर्षांनी देईनासं होतं, ते का? आणि दरवर्षी वर्गातून एकच उत्तर येतं, की मॅडम, जंतूला त्याची सवय होते. बोंडअळीचं विचारलं तरी हेच. फवारणीची सवय झाली म्हणतात. शेतकऱ्यांची पोरं आहेत, घरी बापाच्या तोंडून हेच ऐकलेलं असतं.

मग मी खडू खाली ठेवते. सवय माणसाला लागते, असं सांगते. चहाची लागते, तंबाखूची लागते, सुनेला सासूच्या बोलण्याची लागते. जंतूला कसलीच सवय लागत नाही, कारण औषध पडलं की तो मरतो, आणि मेलेल्याला सवय कशी लागणार? पण कोट्यवधी जंतूंमध्ये दोन-चार वेगळे निपजलेले असतात. औषध येण्याआधीपासून वेगळे असतात, निव्वळ योगायोगानं. बाकीचे मेले की जागा आणि खाणं त्यांचंच. त्यांची पिलावळ वाढते, आणि काही दिवसांनी सगळी वस्तीच त्यांची होते. औषध तेच असतं, समोरचे बदललेले असतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणायचं.

‘निवड’ या शब्दानं आणखी घोटाळा होतो. आमच्याकडे निवडणं म्हणजे सुपात डाळ घेऊन खडे वेचणं. पोरांना वाटतं, निसर्गही तसाच सूप घेऊन बसलाय आणि चांगलं तेवढं ठेवून घेतोय. मी सांगते की निसर्गाला चांगलं-वाईट कळत नाही, दयामाया कळत नाही. जे मरत नाही ते उरतं, आणि जे उरतं त्याचीच पोरं होतात. एवढं सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, आणि तास संपायचा.

आता हे वाक्य बोलताना माझा आवाज बदलतो. समोरच्या पोरांना ते कळत नाही, कारण त्यांनी माझ्या आईला पाहिलेलं नाही.

आई अहमदपूरला राहते, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत. वडील गेल्यावर मी तिला लातूरला चल म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. ती यायची नाही. कारण शेजारी खाला होती. खाला म्हणजे मावशी. आईला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे ते नातं आमच्या घरात चपखल बसलं. खालाचा बांगड्यांचा धंदा. बस स्टँडच्या वाटेवर तिची टपरी होती, आणि गावातल्या निम्म्या बायकांनी लग्नाचा चुडा तिच्याच हातून भरलेला. माझाही तिनंच भरला. हात कसा दाबायचा, अंगठा कसा आत वळवायचा हे तिला असं ठाऊक होतं, की कडक हाताच्या बाईलाही लहान मापाची बांगडी चढायची. खालाला एकच लेक. मी तिच्या आईला खाला म्हणायचे आणि ती माझ्या आईला मावशी म्हणायची. दोन भाषांत एकच नातं.

दोन्ही घरांत एक रीत होती, की शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं यायचं, ते जाताना त्यात काहीतरी असायचंच, निदान मूठभर साखर तरी. दिवाळीत उलट. आई म्हणायची, एक तीळ सात जणांत वाटून खावा. लहानपणी या म्हणीचा मला वैताग यायचा, कारण वाटणीत माझ्या वाट्याला नेहमी कमीच यायचं.

आईला खोकला लागला तेव्हा तिनं तो पुष्कळ दिवस अंगावर काढला. संध्याकाळी अंग तापायचं, पोलकं सैल व्हायला लागलं. मीच तिला सरकारी दवाखान्यात नेऊन थुंकी तपासून घेतली. क्षय निघाला. मी घाबरले नाही. साधा क्षय पूर्ण बरा होतो, औषध फुकट मिळतं, फक्त रोजच्या रोज आणि पुरे महिने घ्यावं लागतं. एकेका गोळीत अनेक औषधं एकत्र असतात. ती का एकत्र असतात हे तर मी आयुष्यभर शिकवत आलेय. एका औषधातून वाचणारा जंतू दुसऱ्या औषधानं मरावा, कुणी मागं उरू नये, म्हणून. वजनाप्रमाणे तिला रोज तीन गोळ्या ठरल्या. लघवी लाल होईल, घाबरू नका, असं तिथल्या सिस्टरनं सांगितलं. पहिल्या दिवशी आईनं मला फोन करून ती बातमी हसत हसत दिली.

मी रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायचे. गोळ्या घेतल्या का? हाव, घेतल्या. दाखव. ती गोळ्यांची रिकामी पट्टी फोनसमोर धरायची. मला समाधान वाटायचं आणि मी क्लासला जायचे. पट्टी खरोखरच रिकामी असायची. आईनं मला एकही शब्द खोटा सांगितला नाही.

आधी ती सुधारली. भूक लागायला लागली, ताप गेला. मग सुधारणा थांबली, आणि पुन्हा खोकला सुरू झाला. पुन्हा थुंकी तपासली, या वेळी लातूरच्या थोरल्या दवाखान्यात, मशीनवर. तिथले डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले की रोग मुख्य औषधाला दाद देत नाही. आता वेगळी औषधं, जास्त कडक. मग त्यांनी आईला विचारलं, गोळ्या मध्ये सोडल्या होत्या का? आई म्हणाली, नाही. मीही म्हणाले, नाही, मी रोज पाहत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. असं बघणं मला ओळखीचं आहे. विद्यार्थी खोटं बोलतोय असं वाटलं की मीही असंच बघते. मला त्यांचा भयंकर राग आला.

घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं, असं ते म्हणाले. मी सांगितलं की घरात दुसरं कुणी नाही. तेव्हा आईनं मान वर न करता विचारलं, “शेजारचं बी तपासायचं का?”

सगळं तिथंच, त्या बाकावर बसून कळलं. आईच्या मागोमाग खालालाही खोकला लागला होता. तिच्या लेकीच्या सोयरिकीची बोलणी देगलूरकडच्या एका घरात चालू होती. खाला दवाखान्यात गेली असती तर रजिस्टरला नाव लागलं असतं, चौकशीला माणूस दारात आला असता, गल्लीला कळलं असतं, आणि गल्लीला कळलं म्हणजे देगलूरलाही कळलंच. शिवाय खोकणाऱ्या बाईच्या हातात हात कोण देणार? बांगड्या भरताना तोंड किती जवळ येतं. खाला रडली. आईनं विचार केला, रोग एकच, औषध एकच, लग्न होईस्तोवर भागवू. आणि खालाकडून आलेल्या वाटीत पोळीच्या खाली गोळ्या ठेवून ती वाटी परत पाठवली. त्या दिवसापासून रोज. आई दोन घ्यायची, तिला एक द्यायची. ती फार खोकली की तिला दोन आणि स्वतः एक. खालाला लाल लघवी झाली तेव्हा ती घाबरून आली, तर आईनंच तिला समजावलं की तसं होत असतं, औषध लागू पडतंय.

मी दवाखान्यातच आईवर ओरडले. लोक वळून बघायला लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. अक्कल गहाण ठेवलीस का, असं म्हणाले, हे आठवतं.  आई नुसती माझ्या ओढणीची घडी नीट करत राहिली, मी लहान असताना करायची तशी.

मला तेव्हा फक्त आई दिसत नव्हती. तिच्या छातीत काय झालं असेल, ते मला फळ्यावर काढलेल्या आकृतीसारखं स्वच्छ दिसत होतं. पुरं औषध गेलं असतं तर बहुतेक सगळे मेले असते, आणि उरलेल्यांचा निकाल सोबतच्या औषधानं लावला असता. अर्ध्या औषधानं कच्चे तेवढे मेले. धडधाकट उरले, रोज थोडे थोडे निवडले गेले. दोन छात्यांत एकाच वेळी. बाहेर दोन बायका एकमेकींना जगवत होत्या, आणि आत त्याच जगवण्यानं मारणारे तयार होत होते. इतकं शिकवलेलं, पण ते माझ्या घरात घडेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी खालाला दवाखान्यात घेऊन आले. नको म्हणत होती. लेकीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं, पण आता लेकीच्या सासरची भीती. “मेरेकू नक्को बेटा, उसका घर नक्को तूटने दे,” एवढंच पुन्हा पुन्हा. मी ऐकलं नाही. तपासलं तर तोच रोग, तसाच दाद न देणारा, आणि एक फुप्फुस जवळजवळ संपलेलं. कुणाचा कुणाला लागला, हे प्रयोगशाळेत शोधता येतं. जंतूंचंही कूळ असतं, कोण कुणाचा वंशज ते त्यांच्या रचनेवरून वाचता येतं. मी ते शोधायला कुणाला सांगितलं नाही. दुपारभर शेजारी शेजारी बसून शेंगा सोलणाऱ्या बायका, त्यातली आधी कोण खोकली, याचा शोध लावून मला काय मिळणार होतं?

दोघींची नवी औषधं सुरू झाली. त्या औषधांनी कातडी काळवंडते. आई गहूवर्णी होती, ती तांबूस काळी झाली. आरशात बघून म्हणाली, आता मी खरीखुरी काळी आई झाले, माझ्यात ज्वारी पेरा. पायांना सारख्या मुंग्या यायच्या, अन्न नकोसं व्हायचं. त्या दिवसांत तिनं मला एकदा विचारलं की त्या जंतूला बी जीव हाय का. आहे, म्हटलं. मग तो कधीपासून हाय? मी तिला सांगितलं की जंतूंची जात आपल्यापेक्षा फार जुनी. पृथ्वीवर जीव आल्यापासून निम्म्याहून जास्त काळ तर असे सूक्ष्म जीवच होते, झाड नव्हतं, मासा नव्हता, माणूस तर अगदी आत्ता आला. तिनं थोडा विचार केला. मग ते आपल्यावर डूख धरून न्हाईत तर, म्हणाली. नाही, म्हटलं, त्यांना आपण माहीतही नाही. तिला यानं बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

आई सावरली. खाला सावरली नाही. शेवटचे काही आठवडे तिची लेक देगलूरहून येऊन राहिली, कडेवर वर्षाचं लेकरू. सासरी आणि लेकीला खालानं दमा सांगितला होता. मी खालाशी भांडले, की तिला खरं सांग, ती लेकराला घेऊन तुझ्याजवळ झोपतेय. तोंडाला फडकं बांध म्हटलं तर बांधायची, आणि मी गेले की काढायची. मी स्वतःच सांगते म्हटलं, तर आई आडवी आली. खालानं आईकडून शपथ घेतली होती. हातात हात घेऊन, मरणाच्या दारात, की माझ्या लेकीला आणि तिच्या घराला हे कधी कळू देऊ नको. आईनं हो म्हटलं होतं. आता मी बोलले असते तरी आपली शपथ मोडेल, असं आई म्हणायची, आणि आई तेव्हा इतकी अशक्त होती की मी गप्प बसले, पण रोज तिच्याशी याच गोष्टीवरून वाद घालत राहिले.

खाला गेली तेव्हा आई तिच्या घरात बायकांमध्ये बसून होती. रडली नाही. चाळिसाव्या दिवशी लेक पुन्हा आली. जेवणाचं ताट घेऊन ती आमच्या घरी आली आणि आईच्या पायांपाशी बसली. म्हणाली की अम्मी सगळं सांगायची, मावशी रोज वाटीतून दम्याची गोळी पाठवायची, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन आणायची, मावशी नसती तर अम्मी माझं लग्नही बघू शकली नसती. आईचे हात तिनं डोळ्यांना लावले. आई समोरच्या ताटाकडे बघत होती. तिनं एक घासही घेतला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. खालाची लेक सकाळीच देगलूरला परतली होती. मी अहमदपूरलाच राहिले होते. जेवणं झाली, आई ओसरीवर बाजेवर बसली होती. मी निघायची तयारी करत होते. तिनं मला हाक मारून जवळ बसवलं आणि विचारलं, “तुझ्या धड्यात काय लिवलंय, ते मला खरं सांग. मी गोळ्या दिल्या नसत्या, तर ती वाचली असती का?”

हा प्रश्न येणार हे मला कधीपासून माहीत होतं. येताना एसटीत मी त्याची उत्तरं तयार केलेली होती. तिचं नशीब. तिचं फुप्फुस आधीच गेलेलं. तू होतीस म्हणून ती एवढी तरी जगली. पण माझ्या आईनं मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयातलं काही विचारलं होतं, आणि ते उत्तर मला येत होतं. मी वर्गात सांगते तसं सांगितलं. सावकाश. तू दिल्या नसत्यास तर लग्न उरकून का होईना, ती दवाखान्यात गेली असती. तिचा रोग तेव्हा साधा असता. साध्या गोळ्यांनी ती बरी झाली असती. तू पण. बहुतेक.

“‘बहुतेक’ माझ्यासाठी लावलंस का?”

मी म्हटलं, नाही, शास्त्रातही लावतात. तिनं मान हलवली. मला वाटलं आता ती कोसळेल. मी तिचा हात धरला.  बराच वेळ ती शेजारच्या बंद दाराकडे, खालाच्या दाराकडे बघत राहिली. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या शिक्षणाचा तिटकारा आला. काय अडलं होतं नाही म्हणायला?

मग ती बोलली. “गोळ्या दिल्या तवा बी मला वाटलं, मी चांगलंच करायलेय. आता शपथ पाळूनबी मला तसंच वाटायलंय.”

मग दारावरची नजर काढून तिनं मला विचारलं,

“त्या पोरीला अन् तिच्या लेकराला हे असंल का?”

असू शकेल, म्हटलं. आत्ताच कळलं तर औषध आहे. उशीर झाला तर अवघड. आणि त्यांना झाला असेल, तर तो साधा नसेल.

“तिला फोन लाव.”

मी म्हटलं, मी बोलते, तू नको. शपथ तुझी आहे, माझी नाही. आणि ती पोर तुला देव मानते, तिला माझ्याकडून कळू दे. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. तिला नंबर लावता येत नाही, म्हणून पुन्हा माझ्यापुढं धरला. मी लावला.

“बेटा, मी मावशी बोलायलेय. आधी पुरं ऐकून घे. तुझ्या अम्मीला दमा नव्हता. मला व्हता तोच रोग तिला व्हता. तिला पुरं औषध पाहिजे व्हतं, अन् मी तिला माझ्यातलं अर्धं देत राहिले, म्हणून ती गेली. मला काय बोलायचं ते तू मागून बोल. उद्या सकाळी लेकराला घे अन् तपासायला जा.”

 बोलून झालं तरी आईनं फोन कानावरून काढला नाही.